पोलादी जहाजाची प्रतिकृती : कार्यशाळेतील एक पाठ

आपल्या वसतिशाळेच्या कार्यशाळेत, खिडकीलगतच्या काचेच्या कपाटात, सहासष्ट सेंटिमीटर लांबीचे एक राखाडी जहाज ठेवलेले आहे. माजी विद्यार्थी भेटीस आले की त्यांतील पुष्कळांची पावले प्रथम तिकडेच वळतात. कोणी म्हणतो, "मागची शिडी मी केली होती." कोणी काचेला नाक लावून आपण ओढलेली तार शोधतो. पालक मात्र बहुधा एकच प्रश्न विचारतात : हे कसले जहाज, आणि मुलांनी ते कशासाठी केले? गतवर्षी एका मातेने हाच प्रश्न अधिक स्पष्टपणे विचारला. "गुरुजी, विहाराच्या शेजारच्या खोलीत लढाईचे जहाज कशाला?" त्या वेळी मी घाईत काहीतरी उत्तर दिले, आणि ते माझे मलाच अपुरे वाटले. स्मरणिकेच्या निमित्ताने तो पाठ पुन्हा एकदा सविस्तर मांडावा आणि त्या प्रश्नालाही नीट उत्तर द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. जहाज कोणते?

कपाटातील प्रतिकृती 'मिकासा' या जपानी युद्धनौकेची आहे. जपानमध्ये नारा हे बौद्ध विहारांसाठी प्रसिद्ध असलेले प्राचीन राजधानीचे नगर आहे. त्याच्या लगतच्या मिकासा नावाच्या डोंगरावरून जहाजाचे नाव ठेवले गेले. जहाज मात्र बांधले गेले इंग्लंडमध्ये, बॅरो येथील विकर्स कंपनीच्या गोदीत. २४ जानेवारी १८९९ रोजी त्याच्या बांधणीस आरंभ झाला, ८ नोव्हेंबर १९०० रोजी ते पाण्यात उतरले आणि १९०२ च्या मार्चमध्ये जपानच्या आरमारात दाखल झाले.

यातील दुसरी तारीख विद्यार्थ्यांना सांगितली की वर्गात क्षणभर शांतता पसरते. कारण तिच्या आदल्याच दिवशी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले होते : भिवा रामजी आंबेडकर, पटावरील क्रमांक १९१४. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. या दोन घटनांत कार्यकारणाचा संबंध अर्थातच काही नाही. तरीही काळ समजून घेण्यासाठी त्या शेजारी ठेवाव्यात. ज्या आठवड्यात मनुष्याची बुद्धी पंधरा हजार टनांचे पोलाद समुद्रावर तरंगवत होती, त्याच आठवड्यात आपल्या साताऱ्यात एका मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते, आणि शाळेच्या नळाला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. यंत्रे पुढे गेली म्हणजे समाज आपोआप पुढे जातो असे नाही, हा या पाठातील पहिला धडा होय.

२. लाकूड, लोखंड, पोलाद

जहाजाची प्रतिमा घडविण्याची हौस आपल्या भूमीला नवी नाही. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आढळते. बोटाच्या पेरात मावणाऱ्या त्या चकतीवर डोलकाठ्या आणि दोर ओळखू येतात. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आहे. ही सारी जहाजे लाकडाची आणि शिडांची होती.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र झपाट्याने पालटले. १८६० साली ब्रिटनने 'वॉरियर' हे लोखंडी सांगाड्याचे, लोखंडी कवचाचे जहाज पाण्यात उतरविले. अशा लोखंडी युगातील दोन नौका मुंबईनेही पाहिल्या. 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया' ही १८७० साली बांधलेली जहाजे मुंबई बंदराच्या रक्षणासाठी ठेवलेली होती. प्रत्येकीवर दोन फिरती तोफघरे आणि चार अवजड तोफा होत्या. १९०३ साली दोन्ही विकून टाकण्यात आल्या.

लोखंडाच्या मागोमाग पोलाद आले. फ्रान्सचे 'रेदुताब्ल' हे १८७६ साली पाण्यात उतरलेले जहाज, बांधणीत पोलादाचा मुख्यत्वे वापर करणारी पहिली मोठी युद्धनौका मानले जाते. पोलाद लोखंडापेक्षा मजबूत, म्हणून तेवढ्याच बळासाठी पत्रा पातळ पुरतो आणि वाचलेले वजन कवच, कोळसा व यंत्रे यांच्या वाट्याला येते. पुढे कवचाचे पोलादही सुधारत गेले. क्रुप पद्धतीत पत्र्याचा बाहेरचा पृष्ठभाग अतिशय कठीण व आतला भाग चिवट ठेवला जाई. बाहेरचा थर आदळणाऱ्या गोळ्याला फोडी आणि आतला थर स्वतः तडकण्यापासून वाचे. 'मिकासा'च्या कमरेभोवती अशा पोलादाचा नऊ इंच जाडीपर्यंतचा पट्टा होता.

प्रतिकृतीसाठी नेमका हाच काळ आम्ही निवडला, त्यालाही कारण आहे. अलीकडची युद्धनौका बाहेरून पाहिली तर सपाट पत्र्यांची पेटी दिसते. त्या काळातील जहाजावर मात्र सारे उघड्यावर असे : धुरांडी, वायुनळ, शिड्या, कठडे, होड्या, दोर, साखळ्या. जहाज कसे चालते हे त्याच्या अंगावरच वाचता येई. शिकणाऱ्यासाठी यापरते उत्तम पुस्तक नाही.

३. प्रमाण : पाठाचा गाभा

मूळ जहाजाची लांबी १३१.७ मीटर, रुंदी २३.२ मीटर आणि पाण्याखालील खोली सुमारे ८.२८ मीटर. बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे संच बहुधा १:३५० किंवा १:७०० या प्रमाणात असतात. जपानच्या हासेगावा कंपनीने या जहाजाचा १:३५० चा संच काढलेला आहे. तो सुबक असतो. परंतु त्याची किंमत आणि त्याहूनही त्याच्या सुट्या भागांची किंमत आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरची. म्हणून आम्ही १:२०० हे प्रमाण घेतले आणि सर्व काही हाताने करावयाचे ठरविले. मोठ्या प्रमाणात चूक लपत नाही हे खरे, पण लहान हातांना कामही जमते.

आता गणित पाहावे. प्रत्येक लांबीला २०० ने भागले की प्रतिकृती ६५.९ सेंटिमीटर लांब, ११.६ सेंटिमीटर रुंद आणि पाण्याखाली ४.१ सेंटिमीटर खोल होते. मुख्य तोफा चार. त्यांच्या नळीचा आतील व्यास १२ इंच, म्हणजे ३०५ मिलिमीटर, आणि लांबी व्यासाच्या चाळीसपट, म्हणजे १२.२ मीटर. प्रतिकृतीत ती ६.१ सेंटिमीटर भरते. इथपर्यंत पाचवीच्या मुलालाही जमते.

घोटाळा होतो तो वजनाशी. जहाजाचे वजन १५,१४० ब्रिटिश टन. "मग प्रतिकृतीचे वजन किती हवे?" असे विचारले की निम्मा वर्ग पुन्हा २०० नेच भागतो, आणि उत्तर पंचाहत्तर टनांच्या पुढे जाते! हसू ओसरल्यावर फळ्यावर एक घन काढावा. बाजू दुप्पट केली तर घनफळ आठपट होते. म्हणून लांबी २०० पट लहान झाली की घनफळ २०० × २०० × २००, म्हणजे ऐंशी लाख पट लहान होते. ब्रिटिश टन १,०१६ किलोग्रॅमचा. त्या हिशेबाने मूळ जहाज सुमारे १ कोटी ५३ लाख ८२ हजार किलोग्रॅम भरते. त्याला ऐंशी लाखांनी भागले की उत्तर येते सुमारे १ किलो ९२० ग्रॅम. आपली प्रतिकृती पाण्यात सोडली आणि ती खऱ्या जहाजाइतकीच बुडावी अशी इच्छा असेल, तर तिचे वजन दोन किलोच्या आतच असले पाहिजे.

ज्याला हे एकदा उमगले त्याला पुढे मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझे का उचलते आणि हत्तीला तसे का जमत नाही, हेही समजते. प्रमाणाचा नियम सर्वत्र एकच आहे.

४. सांगाडा आणि आमची पहिली फजिती

जहाजाचा देह आम्ही थरांनी बांधला. जहाजाच्या आराखड्यात निरनिराळ्या उंचीवरचे आडवे छेद दिलेले असतात. प्रत्येक छेद सहा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडवर उतरवून कापावयाचा आणि एकावर एक चिकटवावयाचा. पाण्याखालच्या भागासाठी असे सात थर पुरतात : सात सख बेचाळीस मिलिमीटर, हवे होते साडेएक्केचाळीसच्या आसपास. थरांच्या पायऱ्या प्रथम कानशीने, नंतर १२०, २२० व ४०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासून एकसंध करावयाच्या. दर दहा सेंटिमीटरवर पुठ्ठ्याचा उभा छेद लावून आकार तपासावयाचा. दोन्ही अंगे सारखी आहेत की नाहीत हे डोळे मिटून, नुसत्या तळव्यांनी पाहावे. तळवे फसत नाहीत.

सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीशी ज्यांच्या घरचा संबंध आहे, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभारला. ओतकामात प्रथम लाकडाचा पॅटर्न घडवितात, त्याचा ठसा वाळूत घेतात आणि त्यात वितळलेले लोखंड ओततात. ओतीव लोखंड थंड होताना शेकडा सुमारे एक इतके आकसते. म्हणून पॅटर्न करणाऱ्या कारागिराची मापपट्टीच मुळी तितकी मोठी आखलेली असते. आपल्या भागातील कितीतरी पॅटर्नमेकर असे वर्षानुवर्षे दोन मापपट्ट्यांनी विचार करीत आले आहेत : एक डोळ्यांपुढच्या वस्तूची, दुसरी होणाऱ्या वस्तूची. प्रतिकृतीचे शास्त्र ते हेच. लक्ष्मणराव स्वतः मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत यांत्रिक रेखाटन शिकवीत असत, हेही येथे सांगितले पाहिजे. कारखाना उभा राहण्यापूर्वी तो कागदावर उभा राहावा लागतो.

आता फजिती. पहिल्या वर्षीची आमची प्रतिकृती दिसायला देखणी झाली. आम्ही ती शाळेच्या हौदात सोडली आणि हात काढताच ती कुशीवर कलंडली. वजन बरोबर होते. तराजूवर दोनदा पाहिले होते. मग चुकले कोठे? एका सातवीतल्या मुलीने ती उचलून बोटांवर तोलली आणि म्हणाली, "सगळं ओझं डोक्यावर आहे." सांगाडा हलका व्हावा म्हणून आम्ही तो आतून पोखरला होता, आणि वर मात्र जाड लाकडाची धुरांडी व भरीव तोफघरे बसविली होती. गुरुत्वमध्य वर गेला होता. पुढे आम्ही धुरांडी कागदाची पोकळ केली आणि तळाशी लोखंडी नट बसवून वजन पूर्ण केले. त्यानंतर जहाज सरळ उभे राहिले. एकूण वजन योग्य असणे पुरेसे नाही, ते योग्य जागी असावे लागते.

५. बारीक भाग : तारेचा हिशेब

प्रतिकृतीचा जीव तिच्या बारीक भागांत असतो. डेकच्या कडेचा कठडा घ्या. माणसाच्या कमरेपेक्षा थोडा वर, साधारण १.१ मीटर उंच. १:२०० मध्ये तो साडेपाच मिलिमीटर होतो. त्याची आडवी सळई अडीच सेंटिमीटर जाडीची धरली तर प्रतिकृतीत ती ०.१२५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जवळपास येते. काडेपेटीची काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. तिचा कठडा केला तर प्रमाणात तो चाळीस सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्यांचा होईल! पुष्कळ हौशी प्रतिकृती लांबून चांगल्या आणि जवळून खेळण्यासारख्या दिसतात, त्याचे कारण एवढेच की त्यांच्या बारीक वस्तू जाड असतात.

हीच अडचण प्लॅस्टिकच्या संचांना येते, कारण साच्यातून निघणारा प्लॅस्टिकचा भाग एका मर्यादेपलीकडे बारीक करता येत नाही. त्यावर उपाय म्हणून कोरीव पितळेचे भाग वेगळे मिळतात. पितळेच्या अतिपातळ पत्र्यावर प्रकाशसंवेदी लेप देतात, आराखड्याच्या फिल्ममधून त्यावर प्रकाश टाकतात आणि लेप उरला नाही तेवढे पितळ फेरिक क्लोराइडने विरघळवितात. उरते ती जाळी : शिड्या, कठडे, चाके. इलेक्ट्रॉनिक्सच्या सर्किट पट्ट्याही याच रीतीने होतात. हे द्रावण त्वचेस व डोळ्यांस अपायकारक असल्याने आम्ही मुलांच्या हाती दिलेले नाही.

आमचे पितळ आम्हाला रस्त्यावर सापडले. सातारा आणि सांगली ही उसाची व शेतीपंपांची भूमी. गावोगाव मोटार रिवाइंडिंगची दुकाने आहेत आणि जळालेल्या मोटारीतून निघालेल्या तांब्याच्या तारेची भेंडोळी तेथे पडलेली असतात. तारेच्या मापाचे कोष्टक वर्गात लावले : ३० गेज म्हणजे ०.३१५ मिलिमीटर, ३६ गेज म्हणजे ०.१९३, ४० गेज म्हणजे ०.१२२. आमच्या कठड्याच्या सळईला हवे होते ०.१२५. ४० गेज जणू त्यासाठीच ओढलेली होती. उभ्या खांबांना ३६ गेज घेतली.

कृती अशी. सागवानी ठोकळ्यावर साडेसात मिलिमीटर अंतराने, म्हणजे प्रमाणात दीड मीटरवर, खाचा पाडाव्यात आणि त्यांत उभ्या तारा बसवाव्यात. आडव्या तारा दोन टोकांच्या खिळ्यांमध्ये किंचित ताणाव्यात. तांब्याची तार थोडी ताणली की आपोआप सरळ होते. जोडापूर्वी तारेवरील वार्निश पॉलिश पेपरने खरवडून काढणे अत्यावश्यक आहे. वार्निशवर डाग लागत नाही, आणि नवख्यांची निम्मी निराशा येथेच होते. मग फ्लक्सचा ठिपका, पंचवीस वॅटची सोल्डरिंगची कांडी, आणि टोकावर मोहरीएवढेही नाही इतके कथील. कांडी जोडावर टेकवून, मनात एक-दोन मोजून, उचलावी. अधिक वेळ ठेवली तर शेजारचा जोड सुटतो.

तोफांसाठी आम्ही इंजेक्शनच्या नव्या, न वापरलेल्या सुया घेतल्या आणि त्यांची टोके शिक्षकांनी आधी कापून बोथट केली. मधल्या आकाराच्या चौदा तोफांचा आतील व्यास सहा इंच, प्रतिकृतीत ०.७६ मिलिमीटर. १८ गेजच्या सुईचे भोक ०.८४. लहान वीस तोफांचा व्यास तीन इंच, प्रतिकृतीत ०.३८. २२ गेजच्या सुईचे भोक ०.४१. मुख्य तोफांसाठी रिकाम्या रिफिलीची नळी घेऊन तिच्यावर मागच्या टोकाकडे जाड होत जाणारी कागदाची पट्टी गुंडाळली. १८ गेजच्या सुईवर तार वेटोळी गुंडाळून एका रेषेत कापली की गोल खिडक्यांच्या कड्या तयार होतात. नांगराची साखळी जत्रेतील नकली दागिन्यांची. दोरांसाठी सुती धागा वापरू नये, कारण त्याचे तंतू प्रमाणात हातभर लांबीचे दिसतात. वापरायचाच असेल तर मेणातून ओढून घ्यावा.

रंग गडद राखाडी, परंतु डब्यातल्यापेक्षा थोडा फिका करून. दूरची वस्तू हवेमुळे फिकी दिसते, आणि प्रतिकृती म्हणजे मुळात दुरून पाहिलेले जहाज होय.

६. मूळ जहाजाचे पुढे काय झाले

२७ व २८ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या समुद्रात जपान व रशिया यांच्या आरमारांची लढाई झाली. सेनापती तोगो 'मिकासा'वर होते. रशियाचे चार हजारांहून अधिक, तर जपानचे शंभराहून अधिक खलाशी मृत्यू पावले. एका आशियाई राष्ट्राने युरोपीय सत्तेला हरविले म्हणून हिंदुस्थानातही तेव्हा आनंद झाला होता. परंतु पाचच वर्षांत, १९१० साली, त्याच जपानने कोरिया गिळंकृत केला, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

तह ५ सप्टेंबर १९०५ रोजी झाला. आणि आठवडाभरातच सासेबो बंदरात नांगरलेल्या 'मिकासा'च्या दारूकोठाराचा स्फोट होऊन ती बुडाली. अडीचशेहून अधिक माणसे दगावली. शत्रूच्या तोफांनी जे केले नाही ते स्वतःच्या पोटातील दारूने केले. जहाज वर काढून दुरुस्त झाले. पण १९०६ साली ब्रिटनचे 'ड्रेडनॉट' आले आणि अशी सारी जहाजे एका दिवसात जुनी ठरली. १९२६ साली 'मिकासा' योकोसुका येथे काँक्रीटमध्ये बसवून स्मारक म्हणून जतन केली गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्यावरील तोफा, धुरांडी, डोलकाठ्या निघून गेल्या आणि उघड्या सांगाड्यावर करमणुकीची ठिकाणे उघडली. पुढे जीर्णोद्धाराची चळवळ उभी राहिली, आणि तिला एके काळचे शत्रू असलेले अमेरिकन आरमारातील अधिकारी चेस्टर निमिट्झ यांनीही साहाय्य केले. चिली देशाची 'आल्मिरान्ते लातोरे' ही जुनी, ब्रिटनमध्येच बांधलेली युद्धनौका त्या सुमारास जपानमध्ये मोडीत निघत होती. तिचे सुटे भाग 'मिकासा'ला मिळाले. तोफा मात्र नव्याने, केवळ दिसण्यापुरत्या, घडविण्यात आल्या. २७ मे १९६१ रोजी ती पुन्हा लोकांसाठी खुली झाली. म्हणजे योकोसुकाचे जहाज हेही एका अर्थी प्रतिकृतीच आहे. त्याचे प्रमाण फक्त १:१. त्यांनाही सुट्या भागांसाठी आपल्यासारखेच दारोदार हिंडावे लागले, हे ऐकून मुलांना मोठा धीर येतो.

७. त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अंगुत्तरनिकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत, आणि त्यांत पहिला शस्त्रांचा आहे. मग शस्त्राची प्रतिकृती आपल्या छताखाली का?

आमच्या वर्गात हा प्रश्न मातेच्या आधी एका मुलाने वेगळ्या शब्दांत विचारला होता. काम संपत आले होते. तो म्हणाला, "गुरुजी, यावर माणसे कुठे आहेत?" खरोखरच, आम्ही चौदा आणि वीस तोफा मोजल्या होत्या, माणूस एकही नव्हता. जहाजावर आठशेहून अधिक माणसे राहत. १:२०० मध्ये माणूस सव्वाआठ मिलिमीटरचा होतो. त्या महिन्यात मुलांनी तारेचे हातपाय आणि कागदाचा लगदा घेऊन माणसे घडविली. एका मुलाला एक माणूस करायला जवळजवळ अर्धा तास लागे. आठशे कधीच पूर्ण झाली नाहीत. अडीचशेचा आकडा गाठला तेव्हा सत्र संपले. सासेबोच्या बंदरात एका रात्रीत गेली त्यांच्याइतकीही ती नव्हती. त्या दिवशी युद्धाविषयी मला वर्गात वेगळे काही सांगावे लागले नाही.

सम्राट अशोकाने कलिंगनंतर तेराव्या शिलालेखात आकडे कोरून ठेवले : दीड लाख माणसे नेली गेली, एक लाख मारली गेली. युद्ध लपवून शांती शिकविता येत नाही. ते मोजावे लागते.

आणि हातांचे काय? आपल्या मिरजेकडे पाहा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडविण्यास आरंभ केला, आणि आज मिरजेच्या तंतुवाद्यांना भौगोलिक मानांकन आहे. कौशल्य तेच, हेतू बदलला. कौशल्य मुळात नसेल तर हेतू बदलूनही हात रिकामेच राहतात.

आपल्या समाजाच्या बाबतीत याला आणखी एक अर्थ आहे. सुताराचे काम सुताराच्या घरी, लोहाराचे लोहाराच्या, तांबटाचे तांबटाच्या अशी विद्या आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या कोंडलेली होती, आणि ज्यांना पाण्याच्या नळाला हात लावण्याची मनाई होती त्यांच्या मुलांच्या हाती सूक्ष्म अवजार कोण देणार? आज आपल्या कार्यशाळेत कानस, करवत, सोल्डरिंगची कांडी सर्वांसाठी एकाच फळीवर टांगलेली आहे. जो प्रथम येईल तो उचलतो, आणि काम झाले की जागेवर ठेवतो. कपाटातील जहाजाहून मला त्या फळीचा अधिक अभिमान आहे.

स्वाध्याय

(१) आपल्या वर्गखोलीची लांबी, रुंदी, उंची मोजून १:५० प्रमाणात पुठ्ठ्याची प्रतिकृती करा. खोलीतील हवेचे घनफळ किती पट कमी झाले ते काढा.
(२) आपल्या गावातील पाण्याच्या टाकीच्या शिडीची एक पायरी मोजा. १:१०० प्रमाणात ती करण्यास कोणत्या गेजची तार लागेल?
(३) घरातील कोणा कारागीर व्यक्तीला, आजोबा, मामा, आत्या, कोणीही असोत, त्यांच्या कामातील सर्वांत बारीक माप कोणते ते विचारा आणि वहीत लिहा.

माजी विद्यार्थ्यांस एकच विनंती. भेटीस याल तेव्हा जळालेल्या मोटारीची थोडी ४० गेजची तार घेऊन या. पाचशे माणसे अजून व्हावयाची आहेत.